सुरईचें बूच

कुलूप कितीही भक्कम असो, किल्ली हरवली कीं तें निव्वळ लोखंड होतें. जात्याच्या दोन्ही तळ्या शाबूत असल्या तरी खुंटा निसटला कीं दळण थांबतें. संसारांतल्या पुष्कळ वस्तूंचा जीव असा त्यांच्या सर्वांत लहान भागांत असतो, आणि हरवतो किंवा फुटतो तोही बहुधा तोच. आमच्या घरांतील कांचेच्या सुरईचा जीव तिच्या बुचांत होता. तें बूच 1963 सालीं फुटलें, आणि त्याच्या जागीं दुसरें बसवावयास मला साठांहून अधिक वर्षें लागलीं.

ही सुरई मूळची आमची नव्हे. 1947 सालीं विलायतेस परत निघालेल्या एका साहेबाच्या सामानाचा पुण्याच्या कँपांत लिलाव होता. आजोबा तेथें पुस्तकांचें कपाट घ्यावयास गेले आणि कपाटाबरोबर सुरईही घेऊन आले. तिचें खरें नांव डिकँटर आणि खरें काम मद्य ओतून ठेवण्याचें. आजीनें ती रिठ्याच्या पाण्यानें सात वेळां धुतली, तरी स्वयंपाकघराचा उंबरठा तिला कधीं ओलांडूं दिला नाहीं. ती दिवाणखान्यांतील कपाटांत राहिली, आणि उन्हाळ्यांत पाहुण्यांसाठीं तिच्यांत वाळ्याचें सरबत भरण्याचा प्रघात पडला. आजोबांना या खरेदीचें स्वतःलाच हसूं येई. विद्यार्थिदशेंत त्यांनीं पैसाफंडाला पैसा दिला होता. अंताजी दामोदर काळे यांच्या त्या फंडांतून 1908 सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला, याचा त्यांना केवढा अभिमान! घरांतला कंदील ओगलेवाडीचा, प्रभाकर. "आणि शोभेला मात्र साहेबाची बाटली," असें तेच म्हणत. पण ती सुरई उन्हांत धरून तिच्या पैलूंतून भिंतीवर पडणारे रंग आम्हां मुलांना दाखवीतही तेच.

1962 सालीं धाकट्या काकांचें लग्न झालें आणि काकू आमच्या घरीं आली. तेव्हां ती एकोणीस वर्षांची होती. पुढच्या वैशाखांतली गोष्ट. सरबतांतली साखर सुकून सुरईचें बूच मानेंत घट्ट धरलें होतें. अशा वेळीं काय करावें हें आज मला ठाऊक आहे. साखरेनें धरलें असेल तर मान कोमट पाण्यांत ठेवून साखर विरघळूं द्यावी; नाहींतर सांध्यावर तेलाचा थेंब सोडून रात्रभर वाट पाहावी; जोर मात्र कधींही करूं नये. पण घरांतलीं सर्व माणसें दुपारचीं निजलेलीं असतांना नऊ वर्षांच्या मुलाला तहान तेवढी ठाऊक असते, वाट पाहणें ठाऊक नसतें. मीं बत्त्याचा एकच ठोका दिला. बुचाचा माथा निखळून हातांत आला आणि बोट कापलें. तुकडा होता तसा सुरईवर टेकवून मीं कपाट लावून टाकलें.

माजघरांत काकू जागी होती. तिनें माझ्या बोटावर हळद दाबली, चिंधी बांधली, आणि कशानें कापलें हें विचारलें नाहीं.

संध्याकाळीं तो प्रकार आजीच्या दृष्टीस पडला. त्या दिवशीं सकाळीं कपाट पुसलें होतें काकूनें. निकाल लागावयास साक्षीपुराव्याची जरूर पडली नाहीं. "हिच्या हातांत कांच टिकायची नाहीं," एवढेंच आजी म्हणाली. मी खांबाआड उभा होतों. खरें तें माझ्या ओंठांपर्यंत आलें आणि तेथेंच अडकलें. काकूनें एकदां माझ्याकडे पाहिलें आणि ती आंत निघून गेली. मानेंत राहिलेला दांडा पुढें तेल सोडून निघाला. उघड्या तोंडांतून धूळ जाऊं नये म्हणून काकूनेंच आपल्या माहेरची एक लहानशी चांदीची वाटी आणून सुरईवर उपडी घातली.

आजी दुष्ट नव्हती. काकूचीं दोन्ही बाळंतपणें तिनें पोटच्या लेकीसारखीं केलीं. पण बोललेला शब्द तिनें कधीं मागें घेतला नाहीं. चैत्रांतल्या हळदीकुंकवाला दिवाणखान्यांत पन्हें देण्याचें काम इतर जावांकडे असे, आणि काकू आंत पाट्यावर डाळ वाटीत असे. चिनी मातीच्या बशा आणि कांचेचे पेले तिच्या हातीं द्यावयाचे नाहींत, हा घरचा रिवाजच होऊन गेला. 1982 सालीं आजी गेली. रिवाजाचें कारण कोणालाच आठवेना, पण रिवाज राहिला. आणि ज्याला आठवत होतें तो मी, शिकून सवरून नोकरीला लागून लोकांना सचोटी शिकवीत होतों!

मध्यंतरीं वाडा पडला आणि त्या जागीं इमारत उभी राहिली. आम्ही सारीं भावंडें एकाच जिन्यानें चढतों उतरतों, इतकें एकत्र कुटुंब अजून शिल्लक आहे. गेल्या वर्षीं जुन्या सामानाची वांटणी झाली तेव्हां सुरई माझ्याकडे आली; वाटीसकट. तेव्हां ठरविलें, कीं आतां हिला बूच मिळालेंच पाहिजे.

मला वाटलें होतें, बाजारांत जाऊन विकत घ्यावें, झालें. मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारांत तीन बुधवार आणि दोन रविवार घातले. बुचें पुष्कळ दिसलीं, एकही बसेना. एक आंत घसरून जाई, दुसरें वरच अडे, तिसरें बसल्यासारखें वाटे. पण बोट लावतांच कट्‌कट् वाजून डुलूं लागे. तेव्हां उमगलें कीं चांगल्या सुरईचें बूच सांच्यांतून नुसतें काढलेलें नसतें. कारागीर तें त्या एका सुरईच्या मानेंत खरखरीत पूड आणि पाणी घालून फिरवीत असे, आणि दोघांची गांठ जमेपर्यंत घांशीत असे. अशीं जुळलेलीं बुचें एकमेकांत मिसळूं नयेत म्हणून बुचावर आणि सुरईवर तोच आंकडा कोरीत. भिंग घेऊन पाहिलें, तर आमच्या सुरईच्या कांठाशीं बारीक 14 कोरलेला! सत्तर वर्षें ती घरांत होती, पण तो आंकडा आमच्यापैकीं कोणीं पाहिला नव्हता.

मग मापें घेण्याचें ठरलें. प्रथम घट्ट कणीक मानेंत दाबून ठसा काढला; तो वाळतां वाळतां आकसला आणि तडकला. शेवटीं व्हर्निअर कॅलिपर आणून मोजलें. मान तोंडाशीं 22 मिलिमीटर आणि घांसलेल्या भागाच्या तळाशीं 19 भरली. ज्यांना असा शोध करावयाचा असेल त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: बूच किंचित् मोठेंच घ्यावें. कांच घांसून कमी करतां येते, तिच्यांत भर घालतां येत नाहीं. या मापाचें बूच मला मुंबईस, चोर बाजारांतल्या मटण स्ट्रीटवर, दारांच्या मुठी आणि झुंबरांचे लोलक भरलेल्या एका खोक्यांत मिळालें. तेंही पैलूदार, तेंही शिशाच्या कांचेचें. त्याच्या तळाशीं आंकडा होता 9.

तें घांसून देणारा माणूस गांठणें अधिक अवघड गेलें. अखेर प्रयोगशाळेंत कांचकाम करून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडे जाऊन पोंचलों. त्यांनीं मानेच्या उताराचा एक पितळी साचा करून घेतला आणि त्यांत ओली पूड घालून बूच फिरवावयास सुरुवात केली. आधीं 220 नंबरची जाड पूड, मग 400 ची, मग 600 ची बारीक. पाणी सारखें घालावें लागे, कारण कांचेची कोरडी धूळ छातींत जाणें वाईट. पंधरा फेरे द्यावे, धुवावें, मोजावें, पुन्हां पंधरा फेरे. मी शेजारीं बसून पाहत होतों. शेवटीं ते थांबले आणि म्हणाले, "येथवर बूचच झिजवलें. जुन्या सुरईला शक्यतों हात लावायचा नसतो. पण आतां शेवटचे फेरे मानेंतच द्यावे लागतील. थोडें तिलाही झिजावें लागेल. चालेल ना?"

त्या प्रश्नानें मी चपापलों. 14 आंकड्याच्या घरांत 9 आंकड्याचें बूच बसवावयाचें म्हणजे काय, हें आमच्या घरानें साऱ्या सुनांच्या बाबतींत पाहिलें होतें. बाहेरून आलेलीला झिजवावयाचें, वारंवार लावून पाहावयाचें, आणि डुलली तर पुन्हां झिजवावयाचें. पण शेवटचे चार फेरे आपल्याही मानेला सोसावे लागतात, तेव्हांच सांधा जमतो, हें आम्हांला कोणीं विचारलें नाहीं, आणि विचारलें असतें तर आम्हीं 'चालेल' म्हटलें असतें कीं नाहीं याची मला शंका आहे. "चालेल," मी म्हणालों.

बूच बसलें. उलटी धरली तरी सुरईंतून थेंब गळेना. घरीं आणल्यावर माझ्या पुतणीनें एक नवेंच शास्त्र पुढें केलें. ती रसायनशास्त्र शिकविते. तिनें सांगितलें कीं या कांचेंत शिशाचा अंश वजनाच्या चौथाईपर्यंत असूं शकतो, आणि आंबट पेयें किंवा मद्य अशा सुरईंत महिनोन्‌महिने ठेवलें तर तें शिसें त्यांत उतरतें. 1991 सालीं न्यूयॉर्कच्या संशोधकांनीं तें मोजून दाखविलें आहे. म्हणजे कोकमाचें सरबत भरून ठेवावयाचें नाहीं. फार तर गुलाबपाणी शिंपडण्यापुरतें भरावें. "मग एवढा खटाटोप बुचासाठीं कशाला केलात?" तिनें विचारलें. प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर मला तिला द्यावयाचें नव्हतें.

चैत्रांतल्या हळदीकुंकवाच्या दिवशीं सर्व मंडळी जमलीं असतांना मीं सुरई काकूपुढें ठेवली, आणि 1963 सालीं ती कोणीं फोडली तें सर्वांदेखत सांगितलें. थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. धाकटीं मुलें हसूं लागलीं. त्यांना इतक्या जुन्या बुचाचा गुन्हा गमतीचा वाटला. काकू हसली नाहीं. तिला आतां ब्याऐंशीवें वर्ष लागलें आहे. ती म्हणाली, "बोटाला हळद मींच लावली होती रे. मला ठाऊक नसेल का?"

"मग तूं आजीला सांगितलें कां नाहींस?"

"तूं सांगशील असें वाटलें होतें. पहिलीं दोनचार वर्षें वाट पाहिली. मग सोडून दिलें."

तिनें मला क्षमा केली असें ती म्हणाली नाहीं, आणि मागण्याचा धीर मलाही झाला नाहीं. तिनें बूच हातांत घेतलें, चष्मा वर सारून त्याचा तळ पाहिला, तें मानेंत घालून एकदां फिरविलें, पुन्हां काढलें. मग पुतणीनें आणलेलें गुलाबपाणी सुरईंत ओतून घेतलें आणि दिवाणखान्यांत बसलेल्या प्रत्येकीवर स्वतःच्या हातानें शिंपडलें. तिचा हात थरथरत होता, पण सुरई कोणीं सांवरूं पाहिली तर ती देत नव्हती.

सर्व आटोपल्यावर तिनें सुरई जागेवर ठेवली, बूच लावलें आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आतां माझी वाटी मला दे. माझ्या आईची आहे ती."

मीं वाटी घांसूनपुसून तिच्या हातीं दिली. हल्लीं ती रोज सकाळीं तींत दूध घेते.