टोपी

पावसाळ्यात माणसांना सर्दी होते, तशी ती वडिलांच्या पद्मिनीलाही होते. सकाळी किल्ली फिरवली की ती चार-दोनदा खोकते आणि अंग टाकून देते. मिस्त्रीने बॉनेट उघडले, एक काळी वाटी काढली, पुसून उजेडात धरली आणि निदान सांगितले, "केसाएवढी चीर आहे. डिस्ट्रिब्यूटरची कॅप बदला." कॅप म्हणजे टोपी. देवळातला पुजारी रांगेतल्या प्रत्येकाच्या हातावर तीर्थ घालतो, तशी ही टोपी चारही सिलिंडरांना आळीपाळीने ठिणगी वाटते. चिरेत दमट हवा शिरली की ठिणगी वाट चुकते.

पण टोपी आणायची कोठून? वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही फियाट बने. १९७४ मध्ये तिचे 'पद्मिनी' असे बारसे झाले आणि नव्या शतकाच्या तोंडावर उत्पादन थांबले. मुंबईच्या टॅक्सी धावत होत्या तोवर सुटे भाग मिळत. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनेही रजा घेतली. आता उरलो आम्ही हौशी लोक, एकमेकांचे माळे धुंडाळणारे!

एका रविवारी जुन्या बाजारात गेलो. पोत्यावरच्या ढिगातून एक टोपी दीडशे रुपयांना उचलली. घरी येऊन पाहतो तो तिलाही चीर!

"म्हणजे टोपीवाल्यानं तुम्हांला टोपी घातली म्हणायची!" सौभाग्यवती म्हणाल्या.

त्याच बाजारात भेटलेल्या एका शौकिनाने नारायण पेठेतल्या एका आजोबांचा पत्ता दिला होता. आजोबांची फियाट केव्हाच मोडीत गेली होती. पण तिचे सुटे भाग त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत जपले होते. टोपी दाखवण्यापूर्वी त्यांनी जी चौकशी आरंभली, तशी माझ्या सासऱ्यांनीही केली नव्हती.

"गाडी उन्हात उभी असते का? आठवड्यातून किती वेळा काढता?" आणि शेवटी, जरा चाचरत, "दुरुस्त करून विकणार तर नाही ना?"

खरे म्हणजे गिऱ्हाईक ठरले होते. दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आणि सोसायटीत जागेवरून कुरबुर यांना मी कंटाळलो होतो.

"छे हो, आजोबा! वडिलांची आठवण आहे ती."

"मग तीनशे द्या. फुकट देणार नाही. फुकटची वस्तू अडगळीत पडते."

त्यांनी टोपी धोतराच्या सोग्याने पुसली, उजेडात फिरवून चहूबाजूंनी दाखवली आणि पुन्हा त्याच कागदात गुंडाळली. ट्रंकेचे झाकण लावता लावता म्हणाले, "सुरू झाली की एकदा दारावरून न्या. हॉर्न नका वाजवू. आवाजावरून कळेल मला."

पुढच्या रविवारी गेलो. गाडी थांबण्यापूर्वीच आजोबा गॅलरीत आले होते. कानामागे हात धरून थोडा वेळ ऐकत राहिले.

"चारही चालताहेत," ते म्हणाले, आणि काठी टेकीत खाली आले. हातात आणखी एक पुडके होते. "टोपीखालचा रोटर आहे. असू द्या जवळ. ह्याचे पैसे नकोत."

मला त्यांच्या डोळ्यांकडे पाहवेना. बाजारातल्या माणसाने मला घातली ती टोपी दीडशे रुपयांची होती. मी आजोबांना घालायला निघालो होतो, तिची किंमत कशी करायची?

त्या रात्री गिऱ्हाइकाला नकार कळवला. गाडी अजून दारात आहे आणि रविवारी नारायण पेठेतून एक फेरी ठरलेली आहे. सौभाग्यवती पेट्रोलचा हिशेब विचारतात. बोललेले खोटे खरे करायला पेट्रोल बरेच लागते, हे त्यांना कसे सांगू?