आजी, नातू आणि कनू : उत्तर मिनेसोटाच्या अरण्यातील दैनंदिनी

दिवस पहिला : ईली

मिनेसोटा राज्याच्या अगदी उत्तरेला, कॅनडाच्या सीमेला लागून, बाउंडरी वॉटर्स नावाचे संरक्षित अरण्य पसरले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहून मोठे. त्यात हजारावर तळी आहेत आणि रस्ता एकही नाही. फिरायचे तर कनूतून, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळत्या होत गेलेल्या हलक्या होडीतून. १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्याने हा भाग राखीव झाला आणि १९७८ च्या स्वतंत्र कायद्याने बहुतेक तळ्यांवरून मोटरबोटी हद्दपार झाल्या.

आजी-आजोबांनी नातवंडांना घेऊन, मधल्या पिढीला घरी ठेवून अशा जागी जायचे, ही प्रथा अमेरिकेत आता चांगली रुळली आहे. निवृत्तांसाठी शैक्षणिक सहली काढणारी एल्डरहॉस्टेल ही संस्था १९७५ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये सुरू झाली. २०१० पासून ती रोड स्कॉलर या नावाने ओळखली जाते. आजोबा-नातवंडांच्या जोडसहली हा तिच्या कामाचा मोठा भाग. अशा सहलींत आईवडील नसतात, आणि सहल जमते ती बऱ्याच अंशी त्यामुळेच. आईवडील बरोबर असले की मूल त्यांच्याकडे धावते, आजोबा खुर्चीत बसतात आणि सगळी कामे मधल्या पिढीच्या अंगावर पडतात. ती पिढी नसली की कामाची वाटणी नव्याने करावी लागते.

मिनियापोलिसहून ईली सुमारे ४०० किलोमीटर. एकेकाळी लोखंडाच्या खाणींवर जगणारे हे छोटे गाव आता कनूवर जगते. मुख्य रस्त्यावर कनू, तंबू, स्लीपिंग बॅग भाड्याने देणारी दुकाने आहेत. त्यांना आउटफिटर म्हणतात. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात मुक्कामाचे परवाने प्रत्येक प्रवेशद्वारासाठी मोजके असतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टचे आरक्षण हिवाळ्यातच करून ठेवावे लागते. परवाना हातात पडण्यापूर्वी नियमांची फिल्म बघणे बंधनकारक आहे. एका गटात नऊच माणसे, चारच होड्या. चूल फक्त ठरवून दिलेल्या जागेवरच्या लोखंडी जाळीत पेटवायची. आणि पत्र्याचे डबे व काचेच्या बाटल्या आत न्यायच्या नाहीत. औषधे, इंधन, डासांचे मलम अशा न खाण्यापिण्याच्या वस्तूंना सूट.

अमेरिकेत मुलाकडे वा मुलीकडे उन्हाळ्यापुरते आलेले मराठी आजी-आजोबा अशा सहलीला निघाले, तर पहिली खोट इथेच बसते. आमरसाचा डबा गाडीतच राहतो. उलट पोहे, मेतकूट, भाजणी, सुकी चटणी, तूरडाळ हे सगळे या नियमात चपखल बसते. कोरडे, हलके आणि पिशवीत मावणारे. दुसरी गोष्ट कागदपत्रांची. काही मार्ग सीमेवरच्या तळ्यांना भिडतात आणि पलीकडे ओंटारिओतील क्वेटिको उद्यान सुरू होते. भारतीय पारपत्रावर आलेल्यांना कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो, तेव्हा मार्ग आखतानाच सीमेपासून दूर राहिलेले बरे.

संध्याकाळ सामान लावण्यात जाते. इथली सॅक म्हणजे डुलुथ पॅक. कामिल पोरिए नावाच्या चांभाराने १८८२ मध्ये पेटंट घेतलेली, जाड कापडाची, चौकोनी, कनूच्या तळाशी आडवी बसणारी पिशवी. रोजची औषधे दोन भागांत करून दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवायची, एक पिशवी भिजली तरी दुसरी हाताशी राहते. चष्म्याला दोरी हवीच. आत मोबाइल बहुतांशी चालत नाही, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र भाड्याने घेतात. साठीपुढच्यांनी त्यात काटकसर करू नये.

दिवस दुसरा : लेक वन

ईलीहून पूर्वेला फर्नबर्ग रस्ता जातो. साधारण तीस किलोमीटरवर तो संपतो आणि लेक वन सुरू होते. पुढची तळी लेक टू, लेक थ्री, लेक फोर. नावे ठेवणारा घाईत असावा. आजोबा-नातवंडांसाठी मात्र हा मार्ग उत्तम, कारण मार्ग निवडताना अंतर बघायचे नसते, होडी खांद्यावर घेऊन किती वेळा आणि किती लांब चालायचे ते बघायचे असते. वल्हवताना माणूस बसलेला असतो. सत्तरीचे गुडघेही दिवसभर बसू शकतात. कस लागतो तो जमिनीवर.

कनूत कोण कुठे बसणार हे वयावर ठरत नाही, कामावर ठरते. मागे बसणारा दिशा देतो. त्यासाठी वल्हे मागे खेचून झाले की शेवटी त्याचे पाते थोडे बाहेर वळवायचे असते. पाण्यात इंग्रजी जे अक्षरासारखा आकार उमटतो. याला ताकदीपेक्षा सवय आणि सबुरी लागते, म्हणून ती जागा आजी किंवा आजोबांची. पुढे बसणारे मूल होडी ओढते आणि पाण्याखालचे खडक बघते. इथले पाणी दलदलीतून झिरपत आल्यामुळे कोऱ्या चहाच्या रंगाचे असते, खडक अगदी जवळ आल्यावरच दिसतो. "डावीकडे खडक!" ही आरोळी मुलाने वेळेत दिली नाही तर होडीचा तळ खरवडला जातो. दहा वर्षांच्या मुलावर कुणी इतका खरा भरवसा टाकण्याची वेळ शहरात फारशी येत नाही.

आता वजनाचे. मूल हलके, मागचा माणूस जड. त्यामुळे नाळ वर उचलली जाते आणि समोरून वारा आला की होडी पानासारखी भिरभिरते. उपाय सोपा आहे. धान्याची जड पिशवी मुलाच्या पायांमागे, पुढच्या बाजूला ठेवायची. होडी पाण्यावर सपाट झाली की तीच जोडी सरळ रेषेत जाऊ लागते. लाइफ जॅकेट सगळ्यांनी सर्ववेळ घालायचे. मिनेसोटात दहा वर्षांखालील मुलांना होडीत ते घालणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

लेक वन दिसते तितके सरळ नाही. खाड्या, बेटे, भूशिरे यांची अशी गुंतागुंत की अनुभवी माणसेही इथे वाट चुकतात. नकाशा मांडीवर उघडा ठेवून एक-एक बेट मागे टाकत जायचे. हेही काम नातवंडाकडे द्यावे. मूल नकाशा वाचायला एका दुपारीत शिकते. वारा बहुधा दुपारी चढतो, म्हणून सकाळी लवकर निघून दोनच्या आत मुक्काम गाठण्याची रीत आहे.

मुक्कामाच्या जागा ठरलेल्या असतात. खडकाची उतरती पाठ, दोन-तीन तंबूंची सपाटी, लोखंडी जाळीची चूल आणि मागच्या झाडीत पायवाटेच्या टोकाला शौचाचे आसन. त्याला भिंती नाहीत, छप्पर नाही, दारही नाही. पाश्चात्त्य उंचीचे असल्याने गुडघ्यांचा प्रश्न मिटतो. संकोचाचा प्रश्न बाकी राहतो. पायवाटेच्या सुरुवातीला एक वल्हे आडवे टाकून ठेवले की आत कुणीतरी आहे असे समजायचे, ही युक्ती बहुतेक गट वापरतात.

भांडी तळ्यात धुवायची नाहीत. पाणी उचलून किनाऱ्यापासून साठ मीटर आत न्यायचे, तिथे घासायचे आणि तिथेच जमिनीवर सांडायचे. प्यायचे पाणी गाळून किंवा उकळून. नाहीतर जियार्डियाचा जंतू आठवड्याभराने पोट धरायला लावतो. झोपण्यापूर्वी खाण्याची पिशवी काळ्या अस्वलांच्या पोहोचीबाहेर, दोरीने उंच फांदीला, खोडापासून लांब टांगायची किंवा अस्वलाला न उघडणारा डबा वापरायचा. तंबूत चॉकलेटचा कागदसुद्धा नको.

दिवस तिसरा : पोर्टेज आणि जळालेले रान

दोन तळ्यांमधली जमीन होडी-सामान वाहून पार करणे म्हणजे पोर्टेज. हे अंतर आजही रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळपास पाच मीटर. लेक वन आणि लेक टू यांच्यामध्ये तीस-चाळीस रॉडांची दोन पोर्टेज आहेत. चाळीस रॉड म्हणजे दोनशे मीटर. नुसते चालायला तीन मिनिटे. पण सामान दोन खेपांत न्यायचे तर एकदा भरलेले जायचे, रिकामे परतायचे, पुन्हा भरलेले जायचे, म्हणजे सहाशे मीटर झाले. तेही मुळांनी उसवलेल्या, ओल्या दगडांच्या वाटेवर.

केव्हलार या हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची कनू वीस किलोच्या आसपास भरते, ॲल्युमिनियमची तीसच्या पुढे. भाडे जास्त पडले तरी केव्हलारचीच घ्यावी. इथे वाचवलेले पैसे पाठीतून वसूल होतात. कनू उलटी करून तिच्या मधल्या लाकडी जोखडावर खांदे टेकवून एकटा माणूस ती नेतो. ती डोक्यावर घेतलेल्या माणसाला समोरची पाच-सहा पावलेच दिसतात. म्हणून पुढे मूल चालते आणि सांगत जाते: इथे मूळ, इथे चिखल, इथे फांदी वाकलेली. ज्यांना वीस किलो झेपत नाही त्यांनी दोघांनी मिळून उचलावी किंवा वाटाडा बरोबर घ्यावा. वाटाडा असलेल्या सहलींत तो कनू नेतो आणि आजी-नातवंडे वल्ही, लाइफ जॅकेटे, छोट्या पिशव्या नेतात. त्यात कमीपणा काही नाही.

लेक टूमधून लेक थ्रीमध्ये पाण्यावरूनच जाता येते. इथे रानाचे रूप बदलते. १८ ऑगस्ट २०११ रोजी पडलेल्या विजेने पगामी क्रीक भागात आग लागली. नैसर्गिक आग म्हणून तिच्यावर सुरुवातीला नजर ठेवली गेली. १२ सप्टेंबरला वारा फिरला आणि एका दिवसात ती सुमारे पंचवीस किलोमीटर धावली. अखेर ९२,००० हून अधिक एकर रान जळाले. ती आधीच विझवायला हवी होती की नाही, हा वाद ईलीत बराच काळ चालला.

जळालेल्या पट्ट्यात काळवंडलेले, सोललेले बुंधे अजून उभे दिसतात आणि त्यांच्या पायाशी जॅक पाइनची दाट, जवळपास एकाच उंचीची गर्दी. या झाडाच्या शंकूंवर राळेचा लेप असतो. आगीच्या उष्णतेने राळ वितळली की शंकू उघडतो आणि बी राखेत पडते. असा बंद शंकू हातात घेऊन पाहावा: लाकडासारखा कठीण, टोकाला वाकलेला, खवले एकमेकांना घट्ट चिकटलेले, नखाने उचकटत नाही. पाठ्यपुस्तकातला एक धडा मुलाच्या बोटांना कळतो. इथली तरणी झाडे बहुतेक २०११ नंतरची, म्हणजे सोबतच्या नातवंडाच्याच वयाच्या आसपासची.

दिवस चौथा : लेक थ्रीवर मुक्काम

एक दिवस कुठेही जायचे नाही, असे आधीच ठरवून ठेवावे. मुलांना त्याची गरज असते आणि मोठ्यांच्या खांद्यांना त्याहून जास्त. जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये जळालेल्या उघड्या खडकांवर रानटी ब्लूबेरी पिकतात. आगीनंतर मिळालेले ऊन त्यांना मानवते. करवंदांची जाळी आठवून हात जपून घालणाऱ्या आजीला कळते की याला काटे नाहीत. मासे धरायचे तर सोळा वर्षे व त्यावरील वयाच्या प्रत्येकाला राज्याचा परवाना लागतो. सगळ्यांना हवा असतो तो वॉलआय, मिनेसोटाचा राज्यमासा.

राज्यपक्षी आहे लून. लाल डोळे, काळ्या पाठीवर पांढऱ्या चौकटी. बहुतेक पक्ष्यांची हाडे पोकळ असतात, लूनची बरीचशी भरीव. त्यामुळे बुडी मारणे सोपे, उडणे कठीण. उडण्यासाठी त्याला पाण्यावरून लांबवर धावत जावे लागते. पहिल्या काही आठवड्यांत पिले आईबापांच्या पाठीवर बसून हिंडतात. रात्रीचा लांबलचक हेल म्हणजे एका लूनने दुसऱ्याला घातलेली साद. हसल्यासारखा कापरा आवाज मात्र घाबरल्याची खूण. होडी जवळ गेल्यावर तो ऐकू आला तर मागे फिरावे.

ही सारी भूमी ओजिब्वे या मूळनिवासी लोकांची. १८५४ च्या ला पॉइंट तहाने त्यांनी ती अमेरिकेच्या सरकारला दिली, पण शिकार, मासेमारी आणि रानमेवा गोळा करण्याचे हक्क राखून ठेवले. त्यातला मोठा मेवा म्हणजे मनोमिन, उथळ पाण्यात उगवणारा रानतांदूळ. ऑगस्टअखेर कनूत बसून, एका काठीने ओंबी होडीवर वाकवून दुसरीने दाणे झोडतात. ईलीत विकत घेतलेला तो काळसर तांदूळ चुलीवर शिजायला तासभर घेतो. मुक्कामाच्या दिवशी तेवढा वेळ असतो.

दुपारी गडगडाट ऐकू आला तर सगळ्यांनी लगेच पाण्याबाहेर यायचे, सुटी झाडे आणि उंच खडक टाळून थांबायचे. जुलैतही रात्री पारा दहा अंशांपर्यंत उतरतो, म्हणून भिजलेले कपडे अंगावर वाळू देऊ नयेत. डासांचा जोर जून ते मध्य जुलै. ऑगस्टमध्ये बराच ओसरतो. मान, काखा, गुडघ्यांच्या मागे गोचीड आहे का, हे रोज रात्री बघायचे.

दिवस पाचवा : परत

तीच दोन पोर्टेज, उलट्या क्रमाने. खाणे संपल्याने सामान हलके झालेले असते आणि वेळ निम्म्यावर येतो. कचरा सगळा बरोबर परत न्यायचा.

दिवस सहावा : पुन्हा ईली

सामान दुकानात परत केल्यावर दोन ठिकाणे बघायची. आंतरराष्ट्रीय लांडगा केंद्र १९९३ मध्ये उघडले. काचेपलीकडे खरे लांडगे असतात. आणि डोरोथी मॉल्टर संग्रहालय. ही परिचारिका सीमेवरच्या नाइफ लेकमधील एका बेटावर अर्धशतकाहून अधिक काळ राहिली. जवळ रस्ता नाही, वीज नाही. वाटसरूंच्या जखमा बांधायची आणि घरी केलेली रूट बिअर पाजायची. नावात बिअर असली तरी हे मुळ्या-सालींच्या स्वादाचे बिनदारूचे पेय. वन्यप्रदेशाचा कायदा आल्यावर तिथली खाजगी घरे हटवली गेली, तिला मात्र हयातीपर्यंत राहू दिले. १९८६ मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी, ती तिथेच वारली. तिची लाकडी घरे स्वयंसेवकांनी सुटी करून गोठलेल्या तळ्यांवरून ईलीत आणली आणि पुन्हा उभी केली. संग्रहालयात रूट बिअर आजही विकत मिळते, काचेच्या बाटलीत. इथे तिला बंदी नाही.

ज्यांना मुक्कामाची सहल झेपणार नाही त्यांच्यासाठी हेगमन तळ्यांची एका दिवसाची फेरी आहे. ईलीच्या उत्तरेला एको ट्रेल रस्त्यावरून ऐंशी रॉडांचे एक पोर्टेज, मग साउथ हेगमन, छोटे पोर्टेज आणि नॉर्थ हेगमनच्या कड्यावर गेरूने रंगवलेली जुनी चित्रे: हात पसरलेला माणूस, मूस नावाचे थोरले हरीण आणि काही कनू. चित्रांना हात लावायचा नाही. दिवसाचा परवाना वाटेवरच स्वतः भरून घेता येतो, पण ते ऐंशी रॉड जाताना उताराचे आहेत. परतताना तेवढीच चढण आहे.