ब्रुसेल्सचा सूर्यास्त

नऊ वर्षांपूर्वी आम्ही उभयता एका यात्रा कंपनीबरोबर युरोप पाहून आलो. त्या प्रवासात बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्स आमच्या वाट्याला जेमतेम अडीच तास आली. ऑक्टोबरचा उत्तरार्ध होता. मुख्य चौकात छायाचित्रे काढून झाली, चॉकलेटची खरेदी झाली आणि बस निघाली. रात्रीचे ‘भारतीय भोजन’ साडेआठला होते. सूर्य त्यापूर्वीच केव्हाचा मावळला होता. सौ.चा रात्रिभोजनत्याग लग्नाआधीपासूनचा. सहप्रवाशांना अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून ती आमच्याबरोबर येऊन बसली, रिकाम्या ताटापुढे. आणि मी तिच्यासमोर पोटभर जेवलो. खोलीवर आल्यावर वर तिलाच म्हणालो, “परदेशात थोडी सवलत घेतली तर काय बिघडते?” तिने उत्तर दिले नाही. अकरा दिवसांच्या प्रवासात सात संध्याकाळी तिने काही घेतले नव्हते, हा हिशेब मी घरी परतल्यावर केला. आयुष्यभर इतरांची खाती तपासणाऱ्या माणसाला तो त्याच वेळी करता आला नाही, ही टोचणी मनात राहून गेली.

म्हणून गेल्या वर्षी मी ठरवले की ब्रुसेल्स पुन्हा पाहायचे, चार दिवस, केवळ दोघांनी. आणि सारी आखणी सूर्याच्या घड्याळाप्रमाणे करायची.

आपल्या वाचकांपैकी अनेकजण अशा छोट्या सहलीचा विचार करत असतील. त्यांना माझे पहिले सांगणे असे की विमानाचे भाडे पाहण्यापूर्वी सूर्यास्ताची वेळ पाहावी. ब्रुसेल्स आपल्यापेक्षा बरेच उत्तरेला आहे. डिसेंबरच्या अखेरीस तेथे सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेपाचच्या आत मावळतो. नवकारशी करणाऱ्याने सकाळी पच्चक्खाण पारावे आणि दुपारी चौविहाराच्या तयारीला लागावे, इतकाच तो दिवस. उलट जूनमध्ये सूर्योदय साडेपाचला आणि सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास. जुलैपासून चातुर्मास लागतो व त्या काळात लांबचा प्रवास टाळण्याची आपली परंपरा आहे. तेव्हा मेचा उत्तरार्ध ते जूनचा मध्य हाच आपल्यासाठी खरा मोसम. एका गोष्टीला मात्र त्यामुळे मुकावे लागते. दर दोन वर्षांनी ऑगस्टच्या मध्यास तेथील मुख्य चौकात बेगोनियाच्या फुलांचा प्रचंड गालिचा मांडतात. सौ.ला त्याचे छायाचित्र दाखवले तर म्हणाली, “एवढी फुले तोडायची?” मुकण्याचे दुःख तेथेच संपले.

व्हिसाच्या बाबतीत लांबण लावत नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून शेंगेन व्हिसाचा अर्ज करता येतो. किमान 30,000 युरोच्या संरक्षणाचा प्रवासविमा सक्तीचा आहे. बँक खात्याचा उतारा अर्जाच्या तोंडावर फुगवलेला नसावा. अचानक जमा झालेली मोठी रक्कम कोणत्याही तपासणाऱ्याच्या डोळ्यांत खुपते, हे मी अनुभवाने सांगतो. तेथे दुकानात कार्ड वापरताना यंत्र कधी कधी विचारते, रक्कम रुपयांत आकारू की युरोत? नेहमी युरो म्हणावे. रुपयांचा आकडा ओळखीचा म्हणून आपण भुलतो, पण तो दर बहुधा आपल्या बँकेपेक्षा महाग असतो.

खरी तयारी अन्नाची. आम्ही हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली छोटी सदनिका घेतली आणि निम्मा प्रश्न सुटला. खाकरे, मेतकूट, भडंग, मुगाची डाळ, पोहे आणि छोटा कुकर बरोबर नेला. तूप, पेढे, पनीर मात्र नेऊ नये. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने दुधाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे. सौ.ने तुपाची बरणी शेवटच्या क्षणी बॅगेतून काढली ती नाराजीनेच.

ब्रुसेल्सचे दोन लौकिक पदार्थ आपल्या कामाचे नाहीत, हे मुलाबाळांना आधीच सांगून ठेवावे. वॉफलच्या पिठात अंडे असते. बटाट्याच्या तळलेल्या काड्या तर कंदमूळ आहेतच, शिवाय परंपरेने त्या गाईच्या चरबीत तळतात. घरी बटाटा चालतो असे म्हणणाऱ्या आपल्याकडील तरुणांना ही दुसरी गोष्ट बहुधा ठाऊक नसते. राहिले चॉकलेट. सारण भरलेले प्रालीन हे याच शहराचे अपत्य, 1912 सालचे. सारणात मद्य नाही ना, हे विचारून घ्यावे. साधे काळे चॉकलेट त्यातल्या त्यात निर्धास्त, पण वेष्टन वाचावेच. युरोपातील नियमानुसार अंडे, दूध यांसारखे घटक वेष्टनावर ठळक छापावे लागतात. अंड्याचे फ्रेंच व डच शब्द एका चिठ्ठीवर लिहून सौ.ने पर्समध्ये ठेवले होते आणि ती परीक्षकाच्या तत्परतेने प्रत्येक पाकीट तपासत असे.

दोन भाषांचा हा मामला शहरभर आहे. प्रत्येक रस्त्याला फ्रेंच आणि डच अशी दोन नावे. दक्षिणेकडील मोठ्या रेल्वेस्थानकाला फ्रेंचमध्ये ‘मिदी’ म्हणतात आणि डचमध्ये ‘झाउद’; आमच्यासमोर एक प्रवासी ही दोन वेगळी स्थानके समजून गाडीत बसून राहिला. निपाणीच्या शाखेत चार वर्षे काढलेल्या मला दुहेरी पाट्यांचे नवल वाटले नाही. भाषेवरून तेथेही राजकारण तापते, असे वाचले होते. दुकानदार मात्र गिऱ्हाइकाच्या भाषेत बोलतो. व्यापार सगळीकडे सारखाच.

व्यापाऱ्यांनी तर तो मुख्य चौकच उभा केला आहे. ‘ग्रां प्लास’ असे त्याचे नाव. 1695 च्या ऑगस्टमध्ये चौदाव्या लुईच्या फ्रेंच सैन्याने या शहरावर तोफा डागल्या. हजारो घरे जळाली. नगरभवनाचा 96 मीटर उंच मनोरा तेवढा उभा राहिला. त्यानंतर पाव भाजणारे, नावाडी, बिसाती, मद्य गाळणारे अशा धंद्यांच्या संघांनी आपापली घरे अवघ्या काही वर्षांत पुन्हा बांधली, तीही पूर्वीपेक्षा देखणी. नावाड्यांच्या घराचा माथा जहाजाच्या मागच्या भागासारखा आहे. हे बांधकाम राजाने नव्हे, धंदेवाल्यांनी केलेले आहे. पहिल्या खेपेस आमच्या मार्गदर्शकाने त्यातले एक अक्षर सांगितले नव्हते. आता आम्ही तेथे दोन तास एकेक घर पाहत उभे राहिलो. जवळच लघुशंका करणाऱ्या बालकाचा जगप्रसिद्ध पुतळा आहे. तो जेमतेम दोन फुटांचा आहे आणि त्याच्यासमोरची गर्दीच अधिक प्रेक्षणीय आहे.

कलासंग्रहालये सोमवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवून दिवस लावावेत. राजकीय कलासंग्रहालयात ब्रॉयगेलचे 1566 चे एक चित्र आहे: बेथलेहेमची शिरगणती. बर्फाळ खेड्यात एका खिडकीपाशी नोंदणीसाठी लोक लोटले आहेत आणि आतला कारकून मान खाली घालून लिहितो आहे. महिनाअखेरीस निवृत्तिवेतन वाटणारा आमचा काउंटर मला तेथे दिसला. चित्राच्या कोपऱ्यात एका डुकराची हत्या चालली आहे, सौ.ने तिकडे पाहिले आणि ती दुसऱ्या दालनात निघून गेली. ‘अटोमियम’ 1958 च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेले, लोहस्फटिकाची 102 मीटर उंच प्रतिकृती. नातवंडे बरोबर असतील तर अवश्य. आम्ही खालूनच पाहिले.

चारांपैकी एक दिवस अँटवर्पसाठी राखावा, आणि तो शनिवार-रविवार नसावा, कारण हिऱ्यांचा बाजार तेव्हा बंद असतो. ब्रुसेल्सहून रेल्वेने पाऊण तास लागतो. 1905 सालचे तेथील स्थानक घुमटाखाली उभे राहून निवांत पाहावे. बाहेर पडताच हिऱ्यांच्या गल्ल्या लागतात. पालनपूरहून गेलेल्या जैन कुटुंबांनी या व्यापारात जम बसवला, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्याच समाजाने शहराच्या विल्राइक भागात पार्श्वनाथ भगवंतांचे शुभ्र संगमरवरी मंदिर बांधले. प्रतिष्ठा 2010 ची. दर्शनाची वेळ आधी विचारून जावे. आम्ही गेलो तेव्हा आत दुसरे कोणी नव्हते. सौ. पाऊण तास सामायिकास बसली. मी बाहेर बाकावर होतो. घरापासून इतक्या दूर तिला कोणतीही तडजोड न करता बसलेले पाहताना नऊ वर्षांपूर्वीचे माझे वाक्य आठवले. ते मी परत घेतले आहे असे तिला त्या दिवशी सांगितले. ती म्हणाली, “अहो, ते मी ऐकलेच कुठे होते?”

शेवटच्या संध्याकाळी राजवाड्यासमोरच्या बागेत बसलो होतो. साडेसात वाजले होते आणि ऊन चांगले लख्ख होते. मी सवयीने घड्याळ पाहिले व डबा उघडण्याची घाई केली. त्यात मुगाची खिचडी होती, बिनतुपाची. सौ.ने माझ्या हातून डबा घेतला, रुमाल अंथरला, झाडांवरच्या उन्हाकडे पाहिले आणि म्हणाली, “सावकाश. अजून अडीच तास आहेत.”