कागद आधी, माल मागाहून

पालमला समुद्र नाही. गंगाखेडहून लोह्याकडे जाताना दोहों अंगांस कपाशीची काळी राने लागतात. तेथे बंदराची आठवण कोणास व्हावी? तथापि जकातीची ओळख या मुलुखास फार जुनी आहे. १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामच्या राज्यात होता, व त्या राज्याच्या जकातखात्यास करोडगिरी म्हणत. १८०२ च्या तहाने कंपनी सरकारच्या मुलुखातून येणाऱ्या मालावर शेकडा ५ जकात ठरली होती. १९०० साली हैदराबाद-मनमाड रेल्वे झाली, पण सरहद्द कायम राहिली. करोडगिरीच्या नाक्याचे नाव वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही पुष्कळदा ऐकले आहे.

त्या नावाचा खरा अर्थ आम्हांस उमगला तो महाविद्यालयाच्या खरेदी समितीवर गेल्यावर. प्रयोगशाळेसाठी एक उपकरण परदेशातून यावयाचे होते. इंग्रजी शिकलेल्यास इंग्रजी कागद कळतात, या भोळ्या समजुतीने ते सारे दप्तर आमच्या स्वाधीन झाले. बीजक मालाची किंमत सांगते. पॅकिंग लिस्ट कोणत्या पेटीत काय, हे सांगते. आणि बिल ऑफ लेडिंग ही जहाज कंपनीने दिलेली नुसती पावती नव्हे, तर मालावरील हक्काचाच कागद होय. या तिघांच्या आधारे आयात करणाराने बिल ऑफ एंट्री भरावयाचे. २०११ पासून आपली जकात त्याने आपणच आकारावयाची असते.

आमच्या बीजकात पेट्या ४ होत्या आणि पॅकिंग लिस्टमध्ये ३. विकणाराच्या कारकुनाची ही चूक. पण माल न्हावा-शेवा येथे अडला. जागेचे भाडे दिवसागणिक चढू लागले. उतरल्यापासून ३० दिवसांत माल न सोडविल्यास, १९६२ च्या कायद्यान्वये, तो नोटीस देऊन विकता येतो. इकडे मुलांची प्रात्यक्षिके तोंडावर आली होती. “आपल्यापैकी कोणाची तेथे ओळख नाही काय?” असे एका सहकाऱ्याने विचारलेच.

ओळख नव्हती, आणि तेच बरे झाले असे आम्हांस आज वाटते. दुरुस्त कागद आला, पेट्या मोजल्या गेल्या, उपकरण २३ व्या दिवशी सुटले. नाक्यावरचा जुना कारकून व्यापाऱ्यास तोंडावरून ओळखीत असेल. त्या ओळखीने कोणाचे सुटत असेल, कोणाचे अडतही असेल. बंदरावरील अधिकाऱ्याने पालमही पाहिले नव्हते आणि आम्हांसही नाही. त्याच्यापुढे साक्षीदार एकच, तो म्हणजे कागद. आणि साक्षी परस्परांशी जुळाव्यात एवढाच त्याचा हट्ट. हा हट्ट आम्हांस प्रथम अपमान वाटला होता. परंतु मुंबईच्या पेढीस आणि पालमच्या महाविद्यालयास एकाच मापाने मोजणारे तेथे दुसरे काय होते?

बिल ऑफ लेडिंगचा १८५६ चा कायदा जाऊन २०२५ साली नवा आला. शिडे गेली, वाफ गेली, आता कागदही पडद्यावर उमटू लागला. तथापि ज्यांनी एकमेकांस कधी पाहिले नाही त्यांचा विश्वास अद्याप त्या चार ओळींवरच चालतो. म्हणून त्या ओळी लिहिणाराने पेट्या मोजूनच लिहाव्यात.