कसालहून महाडपर्यंत : दोन मित्र, एक मोटारसायकल आणि खर्चाची वही

आमच्या कचेरीतील एका सहकाऱ्याचा मुलगा मित्राबरोबर भाड्याची मोटार घेऊन इटली देश फिरून आला. दुपारी डबे उघडले तेव्हा रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिसचे फोटो या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. "अगदी थोडक्यात केली हो सहल," असे सहकारी कौतुकाने सांगत होते. त्यांचा तो थोडका आकडा ऐकून आमच्या हातातला घास हातातच राहिला.

संध्याकाळी कसालच्या तिठ्यावर, मालवणचा रस्ता फुटतो तिथे, आमच्या मित्राला ही हकिकत सांगितली. हे मित्र मोटारसायकली दुरुस्त करतात, म्हणून सारे त्यांना मेस्त्री म्हणतात. हातातला पाना खाली ठेवून ते म्हणाले, "इटली ऱ्हवांदे रे. आपलो कोकण तरी तू खंय बघितलंस?"

बोलणे खरे होते. गेली वीस वर्षे आम्ही चळवळीच्या कामात आहोत. महाडला आठ-दहा वेळा गेलो. पण ते कसे? रात्री ठरवलेल्या गाडीत बसायचे, पहाटे उतरायचे, गर्दीत अभिवादन करायचे, परत गाडीत झोपायचे. वाटेत काय आहे, हे कधी पाहिलेच नाही. तेव्हा २०२३ च्या डिसेंबरात आम्ही दोन किरकोळ रजा टाकल्या. मध्ये शनिवार-रविवार आणि नाताळची सुट्टी आली. असे पाच दिवस जमले. गाडी मेस्त्रींची, खर्चाची वही आमची. बी.कॉम. झालेल्या माणसाला हिशेबाशिवाय चैन पडत नाही!

२२ डिसेंबरला पहाटे पाचला निघालो. बरोबर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. कणकवली, राजापूर मागे पडेपर्यंत रस्ता चौपदरी आणि गुळगुळीत होता. हातखंब्यापासून संगमेश्वरपर्यंत मात्र त्या वेळी काम अर्धवटच होते. धूळ, खडी आणि वळणे. तिथेच मागचे चाक बसले. मेस्त्री बरोबर असूनही ट्यूब बदलायला १२० रुपये गेले, ते वहीत मांडले. खेडवरून आत वळून दापोलीला पोचलो तेव्हा दिवस मावळला होता.

दापोली हे एके काळी इंग्रजांच्या छावणीचे गाव. म्हणून जुनी माणसे अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. पलटणीतून निवृत्त झालेले आपले अनेक लोक पेन्शन घेऊन इथे राहिले. सुभेदार रामजी सकपाळ लहानग्या भीमरावाला घेऊन इथेच आले होते. गोपाळबाबा वलंगकर हेही इथलेच एक पेन्शनर. त्यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेच्या समर्थकांना जाहीर प्रश्न विचारले. बाबासाहेबांचा जन्म त्यानंतर तीन वर्षांनी झाला. चळवळीचे बी किती आधी आणि किती शांत गावात पडले होते, हे तिथे उभे राहिल्यावर समजते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पन्हाळेकाजीला गेलो. कोटजाई नदीच्या काठी, झाडीत, एका ओळीत २९ लेणी आहेत. सुरुवातीची लेणी बौद्ध भिक्खूंची, सुमारे तिसऱ्या शतकापासूनची. पुढे वज्रयान पंथ आला, नंतर शैव आले, नाथ आले, आणि प्रत्येकाने आपापल्या मूर्ती कोरल्या. पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी या लेण्यांचा सविस्तर अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध केला. एकाच कातळात हजार वर्षांत धर्म कसे बदलत गेले, हे पुस्तक न वाचता डोळ्यांनी दिसते. आम्ही गेलो तेव्हा आमच्याखेरीज तिथे कोणीही नव्हते.

दुपारी वणंद गाठले. माता रमाईचे हे गाव. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरावर माशांच्या टोपल्या वाहत. आईवडील लवकर गेले आणि पोरकी मुले मुंबईला गेली. मेस्त्रींची आईसुद्धा डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायची. ते स्मारकापुढे बराच वेळ काही न बोलता उभे राहिले. आम्हीही बोललो नाही.

तिथून मंडणगडच्या दिशेने निघालो. अंधार पडू लागला म्हणून वाटेतल्या एका गावी 'घरगुती निवास' अशी पाटी पाहून थांबलो. मालकांनी हसून स्वागत केले, खोली दाखवली, भाडे सांगितले. मग वही उघडून विचारले, "पूर्ण नाव? गाव? आडनाव?" आम्ही सांगितले. मालक क्षणभर थांबले आणि म्हणाले, "अहो, विसरलोच. उद्या पाहुणे येणार आहेत. खोली धुवायला काढायची आहे."

वाचकहो, आम्हाला राग आला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. मेस्त्री गाडी सुरू करून म्हणाले, "चल, काळोख होता." तेवढेच. पण डोक्यात १९०१ साल घुमू लागले. वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरली, त्यांत नऊ-दहा वर्षांचे भीमराव होते. जात कळताच एकही गाडीवान बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे दिले, बैल मुलांनीच हाकले आणि गाडीवान बाजूने चालत आला. जवळ जेवण होते, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी ही हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे. आमच्याजवळ मोटारसायकल होती, पाण्याची बाटली होती, खिशात पैसे होते. तरीही तो प्रश्न वाटेत भेटलाच.

पाच-सहा किलोमीटरवर रस्त्यालगत निळा झेंडा दिसला. वाडीत शिरलो. विहाराच्या पायरीवर एक आजी बसल्या होत्या. आम्ही "जयभीम" म्हणून नाव सांगू लागलो, तर त्यांनी हाताने थांबवले. "आधी पाणी घ्या बाबांनो. नाव-गाव मग सांगा." तांब्याभर पाणी, त्यामागोमाग कुळथाची पिठी आणि भात. रात्री विहारातच सतरंजीवर झोपलो. पैसे कोणी घेईनात, म्हणून सकाळी दानपेटीत २०० रुपये टाकले.

२४ तारखेला आंबडव्याला गेलो. बाबासाहेबांच्या पूर्वजांचे हे मूळ गाव. डोंगराच्या कुशीतले, लहानसे, शांत. स्मारकाला वंदन करून म्हाप्रळमार्गे सावित्री नदीच्या काठाकाठाने महाडला पोचलो.

खरी सहल झाली ती २५ डिसेंबरला. पहाटे गाडी घेऊन दासगावला गेलो. गाडी एका चहावाल्याच्या ओळखीने तिथे ठेवली आणि महाडकडे पायी निघालो. कारण असे की, १९२७ च्या डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी बाबासाहेब आणि प्रतिनिधी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, ते २५ तारखेला दासगावला उतरले आणि पाच मैल चालत महाडला गेले. मोटारमालकांनी बहिष्कार टाकला तरी पायी पोचता यावे, म्हणून त्यांनी ही वाट निवडली होती. त्याच दिवशी रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. आता तिथे मोठा महामार्ग आहे, कानाशी ट्रक गरजत जातात. गाडीवरून दहा मिनिटांची ही वाट पायी दोन तासांची झाली, कारण महाडच्या अलीकडे गांधारपाले लेण्यांच्या पायऱ्या चढलो. डोंगरात तीसेक लेणी आहेत. ब्राह्मी शिलालेखात विष्णुपालित नावाच्या कुमाराचे दान नोंदले आहे : लेणे, चैत्यगृह, राहण्याच्या खोल्या आणि पाण्याच्या टाक्या. त्या काळी रोमच्या साम्राज्याशी आपल्या किनाऱ्याचा व्यापार चाले. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासग्रंथात इथल्या बंदरांची यादी आहे, तिच्यातले एक बंदर म्हणजे हेच पाले असावे, असे काही अभ्यासक मानतात. मेस्त्री टाकीच्या काठावर बसून म्हणाले, "म्हणजे इटलीवाले आधी आपल्याकडे येयत!" आम्ही दोघेही पोटभर हसलो.

पण हसता हसता एक गोष्ट जाणवली. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात निवारा आणि पाणी दान दिले गेले. आणि याच डोंगरापासून हाकेच्या अंतरावरच्या तळ्यावर पाण्याला शिवायलाही माणसाला बंदी होती. मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तो स्वीकारला. तरीही २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह चवदार तळ्यावर जावे लागले. त्यानंतर मारहाण झाली. मग १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. हायकोर्टाचा शेवटचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षे, एका ओंजळीसाठी!

दुपारी तळ्याच्या पायरीवर बसलो. अभिवादनाला आलेल्या बाया मुलांना हात धरून पाण्याजवळ नेत होत्या. त्या रात्री चिपळूणला मेस्त्रींच्या मेहुण्याकडे मुक्काम केला आणि २६ ला कसालला पोचलो.

आता हिशेब. पेट्रोल १६०५ रुपये, जेवण-चहा १४५०, दापोलीचा लॉज ८००, महाडचा ७००, विहारास दान २००, ट्यूब १२०, दासगावला परत जायची रिक्षा ६०. एकूण ४९३५ रुपये. माणशी २४६७ रुपये ५० पैसे. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी एस.टी.ने जावे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट सुरू झाले आहे. पावसाळा टाळावा आणि मुलांना न्यावे. त्यांना आधी लेणी दाखवावी आणि मग तळे, म्हणजे सांगायला फार शब्द लागत नाहीत.

वहीत 'पाणी' असा एक रकाना आम्ही सवयीने आखला होता. पाचही दिवस तो कोराच राहिला. बाटली एकदाही विकत घ्यावी लागली नाही, कुठे ना कुठे कोणीतरी भरून दिली. मेस्त्री म्हणाले, "शून्य मांड." आम्ही शून्य न मांडता तिथे त्या आजींच्या वाडीचे नाव लिहून ठेवले.