बिननावाची पाटी

रविवार, रात्री उशिरा. नेहरू प्लेसहून आणलेला बिननावाचा टॅब्लेट पुन्हा पुढ्यात घेतला. आत ऑलविनर ए१३, ‘आकाश २’ या स्वस्त सरकारी टॅब्लेटमधलीच चिप. पहिला ‘आकाश’ ऑक्टोबर २०११ मध्ये इथेच, दिल्लीत गाजावाजा करत आला होता.

ही चिप सुरू होताना आधी मेमरी कार्डात डोकावते. कार्डावर लिनक्स भरलं की मूळ अँड्रॉइडला धक्काही लागत नाही. मेख आहे ती टचस्क्रीनची. जुळ्या दिसणाऱ्या दोन टॅब्लेटांतही टच कंट्रोलर निराळा निघतो. बोट डावीकडे, बाण उजवीकडे!

“अहो, उद्या नोएडाची मेट्रो चुकेल,” आतून आवाज. हो म्हणालो, आणि कार्डावरच्या टचस्क्रीनच्या सेटिंगच्या फाइलीत आडवा अक्ष उलटवण्यापुढच्या ०चा १ केला.