आईचा पलंग

नगरहून तुळजापूरला येणारा तुळजाभवानी आईचा पलंग आपल्या चार पायांवर फारसा उभा राहत नाही. त्याचा बहुतेक काळ माणसांच्या डोक्याखांद्यावर जातो. पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावात तो आकाराला येतो, जुन्नरकडून नगरला पोचतो, भिंगारला बुऱ्हाणनगरच्या पालखीशी त्याची भेट होते आणि गावोगावी मुक्काम करत, बालाघाटाच्या रांगा चढून दसऱ्याच्या तोंडावर तो तुळजापुरात दाखल होतो. वाटेवरच्या गावांत बायका त्याला हळदकुंकू वाहतात, नारळ ठेवतात, लेकराचं डोकं त्याच्या खुराला टेकवतात. त्यावर मूर्ती नसते. पलंग रिकामाच असतो, आणि रिकाम्या पलंगापुढे हात जोडताना कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

मला या पलंगाचा स्वभाव फार जवळचा वाटतो. आईच्या बाकीच्या वस्तू सगळ्या जागत्या. त्रिशूळ जागता, पोत जागता, संबळ तर निजलेल्याला उठवणाराच. कवड्यांच्या माळेला आणि परडीला दारोदार फिरायचं असतं. तिच्या थकव्याचा सोबती मात्र हा एकटाच. नवरात्रात महिषासुराशी झुंज चाललेली असते तेव्हा हा नगरच्या वाटेवर कुठल्या तरी गावात मुक्कामाला असतो. लढाईत त्याला काम नाही. लढाई संपली की त्याची पाळी येते, आणि तेव्हा त्याच्यावाचून कुणाचंच चालत नाही.

दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघन होतं. तुळजाभवानीची गंडकी शिळेची अष्टभुजा मूर्ती चल आहे, म्हणजे ती सिंहासनावरून हलवता येते. तिला १०८ साड्यांमध्ये गुंडाळतात, बुऱ्हाणनगरच्या पालखीत बसवतात, मंदिराभोवती प्रदक्षिणा होते, पिंपळाच्या पारावर ती विसावते. कुंकवाची उधळण इतकी होते की अंगावरचे कपडे पुन्हा पहिल्या रंगावर येत नाहीत. ‘आई राजा उदो उदो’च्या गजरात स्वतःचाच आवाज स्वतःला ऐकू येत नाही. आणि एवढ्या गदारोळानंतर आईला नेऊन या पलंगावर निजवतात. अश्विनी पौर्णिमेपर्यंत ती उठत नाही. या झोपेला श्रमनिद्रा म्हणतात.

आई वर्षातून तीनदा निजते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत घोरनिद्रा, दसऱ्यानंतर ही श्रमनिद्रा, आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. सगळे मिळून तीनेक आठवडे होतात. नगरचा पलंग श्रमनिद्रेचा मानकरी, बाकीच्या दोन निद्रा गाभाऱ्यालगतच्या शेजघरात. त्या दिवसांत सिंहासन रिकामं असतं. सिंहासनावरचे अभिषेक थांबतात. लांबून आलेल्या माणसाला आईचा चेहरा रोजच्या जागी दिसत नाही.

संकटात सापडलेला माणूस आपल्याकडे हमखास म्हणतो, ‘देव झोपलाय का?’ चिडून म्हणतो, रडून म्हणतो. धाराशिव जिल्ह्याने हे म्हणायचे प्रसंग भरपूर पाहिलेत. १९७२ चा दुष्काळ, २०१६ च्या उन्हाळ्यातले टँकर, कर्जापायी गेलेला घरचा कर्ता माणूस. आणि या प्रश्नाला ‘होय, झोपलीय’ असं सरळ उत्तर देणारं देवस्थानही याच जिल्ह्यात आहे. तिथे देवाच्या झोपेची तिथी ठरलेली आहे, तिची गादी आहे, तिच्या पलंगाचा रस्ता आणि मानकरी ठरलेले आहेत.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं नुकती निजली होती. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आपल्या जिल्ह्यातलं सास्तूर ही नावं त्या दिवसापासून साऱ्या देशाला माहीत झाली. जवळपास दहा हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात गारवा दिला, तेच अंगावर आले. ती भाद्रपदी पौर्णिमा होती. तिथून आठ दिवसांनी वद्य अष्टमी, आणि त्या अष्टमीला दरवर्षीप्रमाणे घोरनिद्रा. उमरगा-लोहाऱ्याकडची माणसं तेव्हा पत्र्याच्या आडोशाला बसून होती. ज्यांचं सगळं घर गेलं, त्यांच्या कुलदैवताची तिथी निजायची होती.

अशा वेळी गावात एक जण तरी असा निघतो, जो म्हणतो, हे पापाचं फळ. दुसरा म्हणतो, देव परीक्षा पाहतोय. मला दोन्ही बोलणी सोसत नाहीत. लेकरू मातीखाली गेलेल्या बाईपुढे ‘परीक्षा’ हा शब्द काढणं क्रूरपणाचं आहे, मग तो कितीही भक्तिभावाने काढलेला असो. पलंग असलं काही म्हणत नाही. निजलेली आई रागावलेली नसते. ती शिक्षा करत नसते, गुण मांडत नसते. ती दमलेली असते. ज्या देवीला श्रम होतात, जिचं अंग लढून मोडून येतं, तिच्या गप्प बसण्याचा अर्थ ‘तू नकोशी झालीस’ असा कुणी लावू शकत नाही. भूम, कळंब, वाशीकडच्या ऊसतोडीच्या जोड्या दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात, त्यांतल्या बायकांना श्रमनिद्रा म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायला नको.

मंदिराच्या आवारातच एक दगड आहे, चिंतामणी. वाटोळा, गुळगुळीत, हातांनी झिजलेला. लोक त्याच्यापुढे बसतात, दोन्ही तळवे त्यावर ठेवतात आणि मनात प्रश्न धरतात. दगड उजवीकडे फिरला तर होकार, डावीकडे फिरला तर नकार, जागचा हलला नाही तर काम लांबणीवर. शिवाजी महाराज मोहिमेआधी इथे कौल लावत, असं सांगतात. तिथे कायम गर्दी असते, आणि ती मला समजते. मुलीचं लग्न, बोअरला पाणी, नोकरी, आजार. माणसाला हो किंवा नाही हवं असतं. दगड हलेना की चेहरे कसे होतात ते जवळून पाहण्यासारखं असतं. नकाराने माणूस एवढा खचत नाही. तळव्याखाली काहीच हललं नाही म्हणजे तो पुन्हा नीट बसतो, हात पुसतो, पुन्हा ठेवतो.

एकाच आवारात उत्तर देणारा दगड आणि काहीच न बोलणारा पलंग. दगडापाशी माणूस प्रश्न घेऊन जातो आणि उत्तर घेऊन परततो. तो होता तसाच राहतो. पलंगापाशी विचारायची सोयच नाही. निजलेल्याला काय विचारणार? तिथे माणसाला स्वतः काहीतरी करावं लागतं, आणि त्या करण्यातच तो बदलतो, असं मला फार दिवसांपासून वाटत आलं आहे.

काय करतात, ते पाहा. निद्रेआधी आईच्या गादीचा कापूस काढून साफ करतात. बायका गोल करून बसतात, मांडीवर कापूस घेतात, गाठ दिसली की दोन बोटांनी सोडवतात, राहून गेलेली सरकी, काडी, कचरा वेचून बाजूला टाकतात. तोंडाने देवीची गाणी चालू असतात. बोटं इतकी हलकी चालतात, की जणू गाठ दुखावेल. त्यांतल्या कितीकींच्या घरचा कापूस पावसाने गेलेला असेल, कितीकींना स्वतःच्या पाठीखाली धड वाकळ नसेल. तरी आईच्या पाठीला गाठ टोचू नये, एवढंच त्या घटकेला त्यांना कळतं. जिच्याकडून काही मिळत नाहीये, तिची पाठ दुखू नये म्हणून बसलेल्या त्या बायकांकडे पाहिलं की भक्ती म्हणजे काय यावरची मोठी निरूपणं मला अपुरी वाटतात.

आणि आई निजली, की इकडे घरांतल्या गाद्या गुंडाळल्या जातात. पुजाऱ्यांच्या आणि अनेक भाविकांच्या घरांत निद्रेच्या दिवसांत गादी-पलंग वर्ज्य. आमच्या घरी आजी घोंगडीवर निजायची. तिचे गुडघे दुखायचे, आम्ही म्हणायचो निदान सतरंजी तरी दुहेरी कर, ती ऐकायची नाही. ‘ती निजलीय. आपण जरा कमी निजावं,’ एवढंच म्हणायची. दमलेली आई भरदुपारी आडवी झाली, की घरातली शहाणी पोरं दार लोटून घेतात, धाकट्याला बाहेर नेतात, चूल विझू देत नाहीत. आजीचं गणित तेच होतं. पोरगं मोठं होतं ते अशाच दुपारी. आई जागी असते तेव्हा त्याला हट्टच सुचतो.

तुकोबांचं घर दुष्काळाने धुऊन नेलं, पुढे वह्या इंद्रायणीत गेल्यावर ते तेरा दिवस काठावर बसून राहिले, असं परंपरा सांगते. तेरा दिवस विठोबा बोलला नाही. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ साली, पुस्तकरूपाने आली, तेव्हा कळलं की वर्षानुवर्षं त्यांना देवाची चाहूलही लागत नव्हती, आणि तरी त्या रोज उठून मरणाऱ्यांची सेवा करत होत्या. दोघांनाही ते एकट्याने सोसावं लागलं. तेरेसांना तर ते जगापासून झाकून ठेवावं लागलं. तुळजापूरच्या माणसाला हे झाकावं लागत नाही. देव बोलत नाही, हे इथे सगळ्या गावाला एकाच वेळी माहीत असतं, आणि सगळं गाव मिळून ते दिवस काढतं. एकट्याचं दुःख वाटून घ्यायची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

घोरनिद्रेच्या शेवटच्या दिवसांत गावोगावची तरुण मंडळं तुळजापुरात उतरतात. ज्योत पेटवायची आणि अनवाणी, धावत, खांदेपालट करत आपल्या गावी न्यायची, तिथल्या घटासाठी. आई अजून निजलेलीच असते. तिच्या झोपेतच तिचा उजेड रस्त्याला लागतो, आणि तो वाहून नेणारी बहुतेक पोरं विशीतली असतात. २०२५ च्या सप्टेंबरात घटस्थापनेच्या आगेमागेच या जिल्ह्यावर आभाळ फाटलं. परांडा, भूमकडे नद्यांचं पाणी गावांत शिरलं, माणसांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं, काढणीला आलेलं सोयाबीन सडलं, दावणीची जनावरं गेली. ‘देव झोपलाय का’ हे त्या आठवड्यात किती ओठांवर आलं असेल. अशा वेळी छातीभर पाण्यातून शेजाऱ्याच्या म्हातारीला उचलून आणणारी पोरंही याच गावांतली, याच मंडळांतली. ज्योत वाहायची सवय असलेल्या खांद्यांना म्हातारी जड होत नाही.

आणि मग कोजागरी. सोलापूरहून तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर. त्या रात्री हा रस्ता वाहनांचा राहत नाही. सोलापूरकर, कर्नाटकातले, आंध्र-तेलंगणातले लाखो लोक रात्रभर चालत येतात. दुतर्फा चहा, लिंबूपाणी, केळी, पायाला तेल लावून देणारे. टाचेला चिंधी बांधलेल्या बाया, खांद्यावर झोपलेली पोरं, काठी टेकत चाललेले म्हातारे. वर्षातली एवढी मोठी पायी वाट, आणि ती सगळी निजलेल्या आईकडे चाललेली असते. चालणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, की मी निघालो तेव्हा ती झोपेत होती, मला तिने बोलावलेलं नाही, माझ्या पायाला आलेला फोड तिने पाहिलेला नाही. तरी पाऊल पुढे पडतं. बुऱ्हाणनगरच्या जानकोजीची कथा सांगतात, त्याच्या घरी लेकीसारखी राहिलेली देवी एकाएकी नाहीशी झाली आणि तो अन्नपाणी सोडून तिला शोधत फिरला. पालखी-पलंगाचा मान त्या शोधापासून सुरू झाला म्हणतात. कोजागरीच्या रस्त्यावर तेच रक्त चालतं.

पौर्णिमेच्या पहाटे आई पलंगावरून उठते आणि सिंहासनावर बसते. अभिषेक सुरू होतात, दर्शनाची रांग मंदिराबाहेर लांब जाते, चिंतामणीपाशी हात पुन्हा जमतात. पलंगाकडे आता कुणाचं लक्ष नसतं. त्याचं काम झालं. चालून आलेल्यांतल्या पुष्कळांना गर्दीमुळे गाभाऱ्यापर्यंत जाताच येत नाही. ते कळसाला हात जोडतात, गोमुखाचं पाणी डोळ्यांना लावतात आणि स्टँडकडे वळतात. घरी राहिलेलं पीक काढायचं असतं, पंचनाम्याचे पैसे जमा झाले का ते पाहायचं असतं. एसटीत जागा धरून बसलेल्या बायका सुजलेले पाय समोरच्या बाकाखाली लांब करतात, आणि त्यांचं बोलणं सुरू झालेलं असतं, की पुढच्या साली सासूबाईंना घेऊन यायचंय, त्या सावकाश चालतात, तेव्हा दिवस मावळायच्या आतच निघू.